विश्लेषण : विमानाचा ‘फर्स्ट क्लास’ नेमके कशाचे पैसे घेतो? नंदुरबारहून परदेशी जाणाऱ्याने काय तपासावे?

नंदुरबार जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. परदेशी जायचे तर आधी रेल्वेने सुरत किंवा मुंबई गाठायची, नाहीतर धुळे-नाशिकमार्गे रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटर कापायचे. तिकीट मात्र आता घरबसल्या मोबाइलवर निघते. मुंबई-लंडन किंवा मुंबई-न्यूयॉर्क असे टाकले की एकाच विमानाचे तीन-चार दर समोर येतात. सर्वात खालचा दर हजारांत असतो आणि सर्वात वरचा कित्येक लाखांत. विमान तेच, वैमानिक तोच, उतरण्याची वेळही तीच. मग हा फरक कशाचा? शिकायला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलांकडे निघालेल्या वृद्ध आईवडिलांना जादा पैसे भरून वरच्या वर्गाने पाठवावे का? आणि सरकारी खर्चाने कोण कुठल्या वर्गात बसते?

पहिला वर्ग म्हणजे काय?

रेल्वेने जाणाऱ्याला हा प्रकार समजायला सोपा आहे. नंदुरबार स्थानकावरून जाणाऱ्या नवजीवन किंवा ताप्ती-गंगा एक्स्प्रेसमध्ये जनरल, स्लीपर आणि वातानुकूलित असे डबे असतात. गाडी एक, भाडे वेगवेगळे. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय विमानातही साधारण चार वर्ग असतात : इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट. प्रत्येक विमानात चारही असतीलच असे नाही. फर्स्ट क्लास तर आता मोजक्याच कंपन्यांच्या मोजक्याच विमानांत उरला आहे.

इथेच पहिली गफलत होते. बोलताना आपण पुढच्या रुंद आसनांना सरसकट ‘फर्स्ट क्लास’ म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक विमानांत ती बिझनेस क्लासची आसने असतात. भारतीय कंपन्यांपैकी आंतरराष्ट्रीय फर्स्ट क्लास फक्त एअर इंडियाकडे आहे, तोही फक्त बोइंग ७७७-३००ईआर विमानांत. कंपनीच्या मूळच्या ७७७ विमानांत या वर्गाची आसने अवघी चार. बोइंग ७८७ ड्रीमलायनरमध्ये हा वर्ग नाही. इंडिगोकडेही नाही. परदेशी कंपन्यांपैकी एमिरेट्स, सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा यांच्या काही विमानांत तो मिळतो.

हा वर्ग आला कुठून?

खरे तर आधी सगळे विमानच पहिल्या वर्गाचे होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्यात ३५ प्रवासी होते, त्यांत काही संस्थानिक होते. भाडे १,७२० रुपये होते. त्या काळात ही रक्कम सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची होती. विमानाने परदेशी जाणे हीच चैन होती, त्यामुळे त्यात वेगळा ‘वरचा’ वर्ग करण्याची फारशी गरज नव्हती.

बदल खालून झाला. १ मे १९५२ पासून उत्तर अटलांटिक मार्गावर कमी भाड्याचा ‘टुरिस्ट’ वर्ग सुरू झाला. १९५८ मध्ये त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ आला. स्वस्त आसने आली तशी जुन्या महाग आसनांना ‘फर्स्ट क्लास’ ही ओळख मिळाली.

एअर इंडियाने ती ओळख मोठ्या खुबीने विकली. बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि मुंबईतील जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेचे चित्रकार उमेश राव यांच्या कुंचल्यातून १९४६ मध्ये ‘महाराजा’ जन्मला होता. १९६० मध्ये कंपनीकडे बोइंग ७०७ जेट विमाने आली. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले ७४७ जम्बो आले. त्याच्या वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बसण्या-बोलण्याची खास जागा होती.

पुढे जेट एअरवेजने २००७ मध्ये बोइंग ७७७ विमानांत दार बंद होणाऱ्या आठ खोल्यांचा फर्स्ट क्लास आणला. १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीचे शेवटचे उड्डाण झाले आणि तो अध्याय संपला.

इतके पैसे देऊन मिळते काय?

थोडक्यात सांगायचे तर जागा, एकांत आणि रांगेतून सुटका.

जागा म्हणजे पूर्ण आडवे होणारे, बिछाना घातलेले आसन. एमिरेट्सने २०१७ मध्ये ७७७ विमानांत आणलेल्या बंद खोल्या सुमारे ४० चौरस फुटांच्या आहेत. एका विमानात अशा सहाच. याच कंपनीच्या दुमजली एअरबस ए-३८० विमानात पहिल्या वर्गासाठी अंघोळीची सोयही आहे. प्रत्येकाला पाच मिनिटे पाणी मिळते. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए-३८० मधील नव्या खोल्या सुमारे ५० चौरस फुटांच्या आहेत, त्यात खुर्ची वेगळी आणि पलंग वेगळा. ही दोन्ही महाकाय विमाने २०१४ मध्ये मुंबईला येऊ लागली.

एकांत म्हणजे दार, कमी सहप्रवासी आणि हवे तेव्हा जेवण. इकॉनॉमीत जेवणाची गाडी येईल तेव्हा ताट समोर येते. इथे झोप झाल्यावर मागितले तरी चालते.

रांगेतून सुटका म्हणजे चेक-इनचा वेगळा काउंटर, विश्रामकक्ष, विमानात आधी प्रवेश आणि पट्ट्यावर आधी येणारे सामान. काही विमानतळांवर इमिग्रेशनलाही प्राधान्याची रांग असते.

काय मिळत नाही, हेही पाहिले पाहिजे. विमान लवकर पोहोचत नाही. व्हिसाचे नियम बदलत नाहीत. सुरक्षेत फरक पडत नाही. आणीबाणीत निम्मे दरवाजे बंद असतानाही सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी दाखवून द्यावे लागते. त्यात पुढच्या-मागच्या आसनांचा भेद नाही.

मग भाडे इतके जास्त का?

नंदुरबारच्या मिरची पथारीवर काम केलेल्याला हा हिशेब लगेच कळेल. प्रश्न एवढाच की एवढ्या जागेत किती माल पसरता येतो आणि त्याचे किती येतात. विमानातली जागा वाढवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक चौरस फुटाला भाडे काढावे लागते.

बोइंग ७७७ मधील इकॉनॉमीचे आसन साधारण १७ इंच रुंद असते आणि दोन रांगांतले अंतर सुमारे ३२ इंच. म्हणजे एका प्रवाशाच्या वाट्याला मधला रस्ता सोडून जेमतेम पावणेचार चौरस फूट जागा येते. एमिरेट्सची ४० चौरस फुटांची खोली म्हणजे इकॉनॉमीच्या दहा प्रवाशांची जागा. त्या दहा जणांकडून मिळाले असते ते भाडे एकाकडून वसूल करायचे, त्यावर चांगले जेवण, जादा कर्मचारी आणि विश्रामकक्षाचा खर्च चढवायचा. फर्स्ट क्लासचे भाडे इकॉनॉमीच्या अनेकदा पाच ते दहा पट दिसते, ते यामुळे.

दुसरे कारण कर. विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे. बिझनेस, फर्स्ट अशा वरच्या वर्गांवर तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. समजा भाडे ५० हजार रुपये असेल, तर इकॉनॉमीला कर अडीच हजार. भाडे चार लाख असेल, तर फर्स्टला कर ७२ हजार. म्हणजे नुसत्या करातच इकॉनॉमीचे एक तिकीट निघाले असते.

तिसरा हिशेब पर्यावरणाचा. विमान तेवढेच इंधन जाळते, पण जास्त जागा व्यापणाऱ्याच्या नावावर त्यातला मोठा वाटा जातो. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासानुसार पहिल्या वर्गातील प्रवाशाचा कार्बनभार इकॉनॉमीतील प्रवाशाच्या नऊ पटींपर्यंत जाऊ शकतो.

एवढे भाडे मिळते, तर कंपन्या हा वर्ग बंद का करत आहेत?

कारण स्पर्धा घरातूनच आली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पूर्ण आडवे होणारे आसन दुर्मीळ होते. ब्रिटिश एअरवेजने आधी ते फर्स्टमध्ये आणले आणि २००० मध्ये बिझनेसमध्येही दिले. हळूहळू सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. निम्म्या भाड्यात रात्रभर आडवे होऊन झोपता येत असेल, तर कंपनीच्या खर्चाने फिरणारा अधिकारी फर्स्टचे तिकीट कसे मंजूर करून घेणार?

दुसरे म्हणजे रिकामे गेलेले आसन पुन्हा विकता येत नाही. चारपैकी दोन आसने रिकामी राहिली, तर इकॉनॉमीच्या वीस प्रवाशांची जागा वाया जाते. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या ७७७ विमानांतील आंतरराष्ट्रीय फर्स्ट बंद करणार असल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. एअर इंडियाच्या नव्या एअरबस ए-३५० विमानांत बिझनेसची २८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि इकॉनॉमीची २६४ आसने आहेत. फर्स्टचे एकही नाही. उलट एअर फ्रान्ससारख्या मोजक्या कंपन्यांनी हा वर्ग आणखी आलिशान केला आहे. २०२५ मध्ये आलेल्या तिच्या नव्या ‘ला प्रीमियर’मध्ये एका विमानात फक्त चार खोल्या आहेत.

म्हणजे या वर्गाची जागा आकसते आहे आणि जे उरते आहे ते आणखी थोड्यांसाठी आहे.

सरकारी पैशाने कोण कुठे बसते?

हा प्रश्न नंदुरबारसारख्या जिल्ह्यात महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार असून त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. इथल्या अनेक मुलांना परदेशी विद्यापीठात जायचे तर शिष्यवृत्ती हाच मार्ग आहे.

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती देशभरातून वर्षाला २० विद्यार्थ्यांना मिळते. त्यातील तीन जागा अतिमागास आदिवासी समूहांसाठी आहेत. विद्यापीठाचे शुल्क आणि निर्वाहभत्त्याबरोबर विमानाचे जाण्या-येण्याचे भाडेही मिळते, पण इकॉनॉमी वर्गाचे आणि जवळच्या मार्गाचे. राज्याचा आदिवासी विकास विभागही परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतो. या विभागाची प्रकल्प कार्यालये नंदुरबार आणि तळोदा येथे आहेत. योजनेची चौकशी तिथे करता येते.

आता दुसरे टोक. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने २०१७ मध्ये काढलेल्या आदेशात वेतनस्तर १७ व त्यावरील अधिकाऱ्यांना, म्हणजे सचिव दर्जाला, परदेश प्रवासासाठी फर्स्ट क्लासची पात्रता आहे. स्तर १४ ते १६ साठी बिझनेस आणि १३ व त्याखालील सर्वांसाठी इकॉनॉमी. मात्र त्याआधी, २९ ऑक्टोबर २०१४ च्या काटकसरीच्या आदेशात अर्थ मंत्रालयाने फर्स्ट क्लासचे आरक्षण करू नये असे बजावले होते. पात्रता एका कागदावर आणि मनाई दुसऱ्या, असा हा प्रकार आहे.

यामागची रक्कम छोटी नाही. दहा जणांची जागा एकाला द्यायची, तर त्याच पैशात साधारण तितकीच इकॉनॉमीची तिकिटे निघतात. वर्षाला २० जागांच्या योजनेत हा फरक डोळ्यात भरतो.

सुरत की मुंबई? नंदुरबारकरांना सोयीचे काय?

सर्वात जवळचा मोठा विमानतळ सुरतचा. नंदुरबारहून ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाने तो सुमारे १६० किलोमीटरवर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतला नवे टर्मिनल मिळाले आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला आंतरराष्ट्रीय विमानतळाचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. शारजा-दुबईकडे जाणाऱ्यांना हा मार्ग सोपा आहे. पण तिथून उडणारी विमाने लहान, एकच रस्ता असलेली आहेत. त्यात फर्स्ट क्लासचा प्रश्नच येत नाही. युरोप-अमेरिकेसाठी आणि चारही वर्गांच्या निवडीसाठी मुंबईच गाठावी लागते.

इथे एक साधी गोष्ट नजरेआड होते. धडगावच्या पाड्यावरून निघालेल्या विद्यार्थ्याला आधी सातपुड्याचा घाट उतरून शहादा किंवा तळोद्याला यायचे, तिथून नंदुरबार, तिथून रात्रीची गाडी. विमानात बसेपर्यंत त्याचा जवळपास एक दिवस गेलेला असतो. विमानातला कुठलाही वर्ग हा दिवस कमी करत नाही. त्यामुळे थोडे जादा पैसे असतील, तर ते आदल्या दिवशी मुंबईत पोहोचून एक रात्र नीट झोपण्यावर खर्च करणे अनेकदा जास्त कामाचे ठरते. रेल्वेला उशीर झाला म्हणून उड्डाण चुकले, तर विमान कंपनीची त्यात काही जबाबदारी नसते, तिकीट कितीही महागडे असो.

वृद्ध आईवडिलांसाठी वरचा वर्ग घ्यावा का?

गुडघे, पाठ किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल आणि प्रवास १२-१५ तासांचा असेल, तर आडवे होता येणे ही चैन राहत नाही. पण त्यासाठी फर्स्टच हवा असे नाही. बिझनेस क्लासमध्येही आता बहुतेक लांब पल्ल्याच्या विमानांत पूर्ण आडवे आसन मिळते. तेही झेपत नसेल, तर प्रीमियम इकॉनॉमीत पाय पसरायला जास्त जागा असते. इकॉनॉमीच घ्यायची असेल, तर रस्त्याकडेचे आसन आधी निवडावे, म्हणजे तासा-दोन तासांनी उठून चालता येते.

व्हीलचेअरसाठी वरच्या वर्गाची गरज नाही. चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशाला ती सर्व वर्गांत मोफत मिळते. फक्त तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी तशी नोंद करावी. भाषेची भीती वाटणाऱ्या वृद्धांनाही या मदतीमुळे टर्मिनल बदलताना सोबत मिळते.

जादा पैसे भरण्याआधी काय तपासावे?

एक, तिकिटावरचे अक्षर. साधारणपणे ‘एफ’ म्हणजे फर्स्ट, ‘जे’ किंवा ‘सी’ म्हणजे बिझनेस, ‘डब्ल्यू’ म्हणजे प्रीमियम इकॉनॉमी आणि ‘वाय’ म्हणजे इकॉनॉमी. कंपनीनुसार थोडा फरक असतो. एजंट तोंडी ‘फर्स्ट क्लास’ म्हणत असेल, तर ई-तिकिटावर वर्गाचे नाव पाहूनच पैसे द्यावेत.

दोन, विमान कोणते आहे. एकाच मार्गावर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी विमाने उडतात. एका दिवशी ७७७ असेल तर फर्स्ट मिळेल, दुसऱ्या दिवशी ७८७ असेल तर तो वर्गच नसेल. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो.

तीन, प्रवासाचे सगळे टप्पे त्याच वर्गाचे आहेत का. दुबई किंवा अन्य ठिकाणी विमान बदलायचे असेल, तर एक टप्पा फर्स्टचा आणि दुसरा बिझनेसचा असू शकतो. भाडे मात्र एकत्र दिसते.

चार, खालच्या वर्गात बसवले तर काय. विमान बदलले किंवा आसन बिघडले म्हणून कंपनीने प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले, तर पैसे परत मिळतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास १,५०० किलोमीटरपर्यंत असेल तर करांसह तिकिटाच्या किमतीच्या ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटरला ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-दुबई मधल्या गटात येते, मुंबई-लंडन शेवटच्या. देशांतर्गत प्रवासाला ही रक्कम ७५ टक्के आहे. विमानतळावर ‘नंतर बघू’ असे उत्तर मिळाले, तर आसन बदलल्याची लेखी नोंद आणि दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

पाच, सामान. वरच्या वर्गात किलो जास्त मिळतात, पण सामान हरवले तर भरपाईची कमाल मर्यादा वर्गानुसार वाढत नाही. मॉन्ट्रियल करारानुसार ती प्रत्येक प्रवाशाला सारखीच, १,५१९ ‘एसडीआर’ आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. दागिने, मूळ प्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीची पत्रे आणि औषधे त्यामुळे कोणत्याही वर्गात हातातल्या पिशवीतच ठेवावीत.